खुर्जी: सायकलला टांगायच्या पिशवीच्या नोंदी

8 जून 2024, शनिवार

शिवाजीनगरला मैत्रिणीकडे मोडीची वाचनं जुळवून संध्याकाळी निघाले, तेव्हा आभाळ नुसतं भरून आलं होतं. डेक्कनला पोचेपर्यंत रस्त्याचा ओढा झाला. पाठीवर सॅक, सॅकवर रेनकव्हर, अंगात रेनकोट, म्हणजे माझ्या मते सगळी तयारी होती. कोथरूडला घरी येऊन कव्हर काढलं तर द्रोणात आमटी साठावी तसं त्याच्या तळाशी पाणी साठलेलं. सॅकचा तळ त्यात बुडालेला.

वही क्रमांक 3 गेली. पानं 41 ते 58. जेल पेनाची निळी शाई पानभर पसरली आहे, अक्षरांच्या जागी फिकट ढग उरलेत. पेन्सिलीच्या कच्च्या चिठ्ठ्या मी पक्की प्रत झाल्यावर टाकून देते, त्यामुळे मागे काहीच नाही. अठराव्या शतकातल्या जासुदांवर, म्हणजे पत्रं पोचवणाऱ्या निरोप्यांवर, आणि टपालावर माझी पीएचडी चालू आहे. गेलेल्या पानांत त्यांच्या मजुरीच्या आणि मुक्कामांच्या नोंदी होत्या. दफ्तरात, म्हणजे जुन्या सरकारी कागदांच्या संग्रहात, परत जाऊन परत वाचायचं. माझ्या वेगाने तीन आठवडे.

लॅपटॉप आज घरी होता, हेच नशीब.

वही पंख्याखाली पानं सुटी करून वाळत घातली आहे. रडू आलं, ते आता थांबलंय. ही पिशवीची गोष्ट आता नीट मार्गी लावायची, म्हणून ही नोंद सुरू केली.

10 जून

सगळ्यात आधी, पाणी शिरलं कुठून? रेनकव्हर सॅकला पुढून, वरून आणि बाजूंनी झाकतं. पाठीला टेकणारी बाजू उघडीच राहते. रेनकोटावरून ओघळणारं पाणी मानेपासून खाली येतं, पाठ आणि सॅक यांच्या मधून उतरतं आणि कव्हरच्या झोळीत जमतं. बाहेर जायला वाट नसते. म्हणजे पाऊस जितका वेळ, तितका तळ पाण्यात. काही कव्हरांना तळाशी एक छोटं भोक असतं. ते कशासाठी, हे मला आज कळलं.

दुसरं, ही सॅक सात वर्षांची आहे. आतून हात फिरवला तर बोटांना पांढरी साल लागते. कापडाच्या आतल्या अंगाला पॉलियुरेथेनचा थर असतो आणि पाणी अडवतो तोच. दमट हवेत वर्षानुवर्षं राहून तो सुटत जातो. बाहेरून सॅक धडधाकट दिसते, आतून ती केव्हाच गाळणी झालेली असते. ज्यांच्याकडे कॉलेजात घेतलेली सॅक अजून आहे, त्यांनी एकदा ती उलटी करून बघावी.

मग किराणा दुकानातल्या काट्यावर एकेक वस्तू ठेवून रोजचं ओझं मोजलं. लॅपटॉप चार्जरसकट 2 किलो 100 ग्रॅम. दोन फुलस्केप वह्या 900 ग्रॅम. डबा भरलेला 700. पाण्याची बाटली 1 किलो 200. रेनकोट 500, कुलूप 900, पंप आणि पंक्चरचं सामान 400. एकूण 6 किलो 700 ग्रॅम. दफ्तरापर्यंत जाऊन-येऊन सोळा किलोमीटर, आठवड्यातले पाच दिवस. विद्यापीठात मार्गदर्शकांकडे जायचं असेल त्या दिवशी जास्त. हे सगळं मी दोन वर्षं खांद्यावर वाहत आले. दुकानदारकाका म्हणाले, "ताई, एवढं तर आमचा पोऱ्या घरपोच द्यायलासुद्धा सायकलला टांगून नेतो."

बरोबर बोलले.

14 जून

काय काय घेता येईल ते आठवडाभर पाहिलं. माझ्यासारख्या विद्यार्थ्यांना उपयोग होईल म्हणून मत सविस्तर लिहिते.

पाठीवरची सॅक सगळ्यात सोयीची, कारण सायकलवरून उतरलं की सामान आपल्याबरोबरच असतं. अर्ध्या तासाच्या आतला रस्ता आणि तीन किलोच्या आतलं ओझं असेल तर दुसरं काही शोधूच नये. माझं ओझं दुप्पट आहे. एप्रिल-मे महिन्यात पाठीचा कुर्ता पिळून काढावा इतका भिजतो आणि तसंच दिवसभर दफ्तरात बसायचं. शिवाय सात किलो खांद्यावर असले की सायकलवरचा तोलच वर सरकतो. खड्डा चुकवायला झोक दिला की ओझं मागून ढकलतं.

एका खांद्यावर आडवी घ्यायची बॅग मैत्रिणीची आणून वापरली. नळस्टॉपला सिग्नलवर थांबले की ती पोटावर येते. एका दिवसात परत केली.

हँडलसमोरची बास्केट भाजीला उत्तम. लॅपटॉप ठेवला की हँडल जड होतं, वळताना सायकल आपल्याआधी वळू पाहते.

कॅरिअरवर प्लास्टिकचा क्रेट बांधणं हा सगळ्यात स्वस्त उपाय आणि मी त्याचा मान राखते. क्रेटमध्ये काहीही टाकता येतं. पण वजन उंचावर बसतं आणि पावसाचा प्रश्न तसाच राहतो. रोज क्रेट सोडून आत नेता येत नाही. वाचनकक्षाच्या बाहेर बॅग ठेवायची असते, म्हणून ती सायकलवरून एका हाताने सुटली पाहिजे.

राहिली कॅरिअरच्या बाजूला टांगायची पिशवी. सायकलवाले तिला पॅनिअर म्हणतात. वजन चाकाच्या आसाजवळ खाली जातं, पाठ मोकळी राहते. ही कल्पना परदेशी आहे असं वाटत असेल तर सकाळी कर्वे रस्त्यावर उभं राहावं. दूधवाल्यांकडे आता मोटरसायकली आल्या, पण दोन्ही अंगांना आकड्यांनी किटल्या टांगायची रीत तीच आहे. त्याच्याही आधी घोड्याच्या पाठीवर दोन्ही बाजूंना लोंबणारी खुर्जी होती. बैलावर पखाल होती, माणसाच्या खांद्यावर पुढे-मागे पडशी होती. ओझं दोन बाजूंना आणि खाली, हे आपल्याला जुनं माहीत आहे. म्हणून या कामाला मी खुर्जी म्हणणार आहे.

16 जून

तयार पॅनिअर दुकानात हाताळले. चांगल्या पॅनिअरला चेन, म्हणजे झिप, नसते. तोंड गुंडाळून बंद करायचं, किमान तीन घड्या, मग दोन्ही टोकांना बक्कल. चेन कितीही भारी असली तरी पाणी शेवटी तिच्यातूनच वाट काढतं. घडीला मात्र वर चढून, वळून, परत खाली उतरावं लागतं.

ऑर्टलीब या जर्मन कंपनीची गोष्ट वाचली आणि फार आवडली. हार्टमुट ऑर्टलीब इंग्लंडात सायकलने फिरत असताना त्याचं सामान पावसात भिजलं. शेजारून जाणाऱ्या ट्रकवरची ताडपत्री बघून त्याच कापडाची पिशवी करावी असं त्याला सुचलं. 1982 मध्ये कंपनी सुरू झाली. त्यांच्या पिशव्या आजही मुख्यतः वेल्डिंगने जोडतात, कारण सुईने शिवलं की प्रत्येक टाका म्हणजे एक भोक.

तशी पिशवी माझ्या फेलोशिपमध्ये बसत नाही. पण ट्रकची ताडपत्री पुण्यात मिळते, बोहरी आळीत. तिथेच जायचं ठरवलं.

19 जून

आधी कॅरिअर. माझी सायकल एका सीनिअरकडून घेतलेली, सहा गिअरची, कॅरिअर नसलेली. मेकॅनिककाकांनी दोन प्रकार दाखवले. एक नुसता सीटच्या नळीला आवळायचा. दिसायला सुटसुटीत, पण एका बाजूला वजन टांगलं की तो नळीभोवती फिरतो. दुसऱ्याचे पाय खाली आसाजवळ फ्रेमच्या भोकांत बोल्टने बसतात. हाच घ्यायचा. 480 रुपये, बसवण्याचे वेगळे 50. काकांनी बोल्टला डबल नट लावले आणि बजावलं, "महिन्यातून एकदा पाना फिरवायचा. कॅरिअर कधी तुटत नाही, बोल्ट सैल होऊन पडतो."

22 जून

बोहरी आळी. दोरखंड, पत्रे, ताडपत्र्या, खिळे. एकेका दुकानात एकेकच जिन्नस, पण तो पन्नास तऱ्हांचा. मी "वॉटरप्रूफ कापड" मागितलं तर दुकानदाराने विचारलं, "कशावर घालायचंय?" सायकलच्या पिशवीसाठी म्हटल्यावर त्यांनी चार तुकडे समोर टाकले.

शेतात घालतात ती निळी प्लास्टिकची ताडपत्री हलकी आणि स्वस्त, पण घडी पडली की तिथेच चिरते. जुनी मेणाची कॅनव्हास ताडपत्री दिसायला देखणी. पूर्वी टपालाची पुडकी मेणकापडात बांधत, ते तिचंच भावंड. तिच्यावरून हात फिरवताना माझे जासूद आठवले. पण तिला वास येतो आणि दर दोन वर्षांनी मेण द्यावं लागतं. तिसरा तुकडा रिक्षाच्या हूडचं रेक्झिन. चौथा खरा ट्रकचा माल: आत पॉलिस्टरचं विणकाम, दोन्ही अंगांनी पीव्हीसीचा थर. नखाने ओरखडा काढला तरी आतला धागा दिसत नाही. दीड मीटर घेतला, गडद हिरवा. 390 रुपये.

आणि महत्त्वाची गोष्ट अशी कळली की त्यांच्याकडे ताडपत्री जोडायचं गरम हवेचं यंत्र आहे. दोन काठ एकावर एक ठेवून मध्ये गरम हवा सोडायची आणि वरून रूळ फिरवायचा. थर वितळून एकजीव होतात. सुई नाही, भोक नाही. "माप घेऊन या, जोडून देतो," म्हणाले.

30 जून

माउलींची आणि तुकोबांची पालखी आज पुण्यात आली. दरवर्षीसारखी दर्शनाला गेले, पण डोळे सारखे ओझ्यांकडे जात होते. पावसाची भुरभुर चालू होती. फर्ग्युसन रस्त्याच्या कडेला एक आजी झाडाखाली बसून पडशी लावत होत्या. मी शेजारी टेकले. हरिपाठाची पोथी त्यांनी आधी फडक्यात गुंडाळली. मग ती दुधाच्या पिशवीत घातली, धुऊन वाळवलेल्या. पिशवीचं तोंड पिळून उलटं दुमडलं, त्यावर रबर. मग ते पुडकं पातळांच्या मधोमध, कडेला नाही. मी विचारलं, वरून पण प्लास्टिक घेतलंय ना? म्हणाल्या, "वरचं फाटतंच गं बाई. आतलं आपलं आपण बांधायचं."

घरी येऊन आराखड्यात बदल केला. बाहेरची पिशवी कितीही पक्की झाली तरी वह्यांना आत स्वतंत्र गुंडाळी तोंडाची पिशवी असणार. पाणी शिरणार नाही असं समजून काम करायचं नाही. शिरलंच तर कुठे थांबेल, ते आधी ठरवायचं.

3 जुलै

माप. तळ 28 सेंटीमीटर लांब, 13 रुंद. उंची 36, म्हणजे लॅपटॉप उभा मावतो. त्यावर घडीसाठी 18 सेंटीमीटर जादा. साधारण तेरा लिटर जागा. आधी वर्तमानपत्राची पिशवी करून कॅरिअरला चिकटवली आणि त्यात डबा, बाटली, वह्या घालून पाहिल्या. कागद फाटला, पण माप बरोबर निघालं.

पाठीला ताठपणा हवा, नाहीतर पिशवी चाकाच्या आऱ्यांत ओढली जाते. आईने स्वयंपाकघरातला जुना प्लास्टिकचा चॉपिंग बोर्ड काढून दिला. तो 27 सेंटीमीटरचा, जणू याचसाठी ठेवलेला.

6 जुलै

ताडपत्रीच्या दुकानात नळी आणि तळ जोडून मिळाले. कोपरे कठीण गेले. गरम हवेचा झोत कोपऱ्यात पोचत नाही, म्हणून त्यांनी पाकिटासारखी घडी घालून तिच्यावर तुकडा चढवला.

तिथून नाना पेठेत, रिक्षाचे हूड शिवणाऱ्या चाचांकडे. पट्टे, बक्कल आणि तोंडाची पट्टी त्यांनी शिवायची. मी सांगितलं, शिलाई फक्त घडीच्या वर, खाली एकही टाका नको. त्यांनी पिशवी उलटसुलट केली, कोपऱ्यात बोट घालून पाहिलं. "जोड अच्छा है. पर बेटा, हूक का वजन किधर लेगी?" मी रेक्झिनच्या पट्टीवर म्हटलं. त्यांनी मान हलवली. कापडावर ओझं टांगलं की कापड ताणून फाटतं, म्हणाले, ओझं बोर्डवर टांग, कापड मध्ये नुसतं दाबून धर. म्हणजे आकडे, त्यामागे ताडपत्री, आतून बोर्ड, आणि चार बोल्ट सगळ्यांतून आरपार. चाळीस वर्षं रिक्षांची छतं केलेल्या माणसाने एका वाक्यात माझा आराखडा दुरुस्त केला.

बोल्टसाठी भोकं पडणारच. तिथे सायकलच्या जुन्या ट्यूबच्या गोल चकत्या कापून वॉशर केले, चार आत, चार बाहेर. शिलाईचे चाचांनी 250 घेतले. चहा त्यांनीच पाजला.

9 जुलै

पहिली फेरी, कोथरूड ते दफ्तर. दर पायडलला डावी टाच पिशवीच्या कोपऱ्यावर ठक्. लांब फ्रेमच्या जुन्या काळ्या सायकलींना हा त्रास होत नाही, त्यांचं मागचं चाक सीटपासून बरंच लांब असतं. माझ्या सायकलचं जवळ आहे. संगम पुलापर्यंत पाय वाकडा करून चालवली आणि गुडघा दुखायला लागला.

आणखी एक. स्पीडब्रेकरवर आकडा कॅरिअरवरून उडाला. पिशवी पडली नाही, खालच्या रबरी दोरीने धरून ठेवली. ती दोरी नसती तर वह्या आरटीओच्या चौकात असत्या.

12 जुलै

आकडे बोर्डवर सहा सेंटीमीटर पुढे सरकवले, म्हणजे पिशवी तेवढी मागे गेली. टाच आता दोन बोटं लांब. जुन्या भोकांवर ताडपत्रीचे तुकडे त्याच दुकानात चिकटवून आणले. आकड्यांच्या खाली चामड्याच्या पट्ट्याची छोटी जीभ लावली, ती कॅरिअरच्या दांडीखालून येऊन टिचबटणाने बंद होते. उचलताना अंगठ्याने टिच् करायचं की पिशवी हातात.

पिशवी डावीकडे की उजवीकडे यावर दोन दिवस घालवले. उजवीकडून दुचाक्या घासून जातात, चेनचं तेलही त्याच बाजूला. डावीकडे साइड स्टँड, त्यामुळे सायकल उभी करताना ती आणखी डावीकडे कलते आणि ओल्या मातीत स्टँड रुतून पडते. शेवटी डावीकडेच ठेवली आणि नियम केला: आधी पिशवी काढायची, मग स्टँड लावायचा.

एका बाजूला सात किलो असल्याने सायकल ओढते का, असं सगळे विचारतात. पहिला दिवसभर ओढल्यासारखं वाटतं. तिसऱ्या दिवशी शरीर विसरतं.

18 जुलै

पाण्याची परीक्षा. पिशवीत कोरडी वर्तमानपत्रं भरून तीन घड्या घातल्या आणि नळाखाली पंधरा मिनिटं धरली. आत कोरडं. मग बोल्टांपर्यंत बादलीत बुडवली. दहा मिनिटांनी उघडली तर एका बोल्टाभोवती रुपयाएवढा ओला डाग. तो नट अर्धा फेरा आवळला, परत बुडवली. डाग नाही.

लॅपटॉपसाठी तळाशी दोन इंच फोम टाकला. खड्ड्यात पिशवी तळावर आपटते आणि धक्का थेट कोपऱ्याला बसतो. बाजूंपेक्षा तळाचा फोम महत्त्वाचा.

25 जुलै, गुरुवार

रात्रभर कोसळत होता. सकाळी खडकवासल्यातून पाणी सोडल्याच्या, एकतानगरीत घराघरांत पाणी शिरल्याच्या बातम्या, शाळांना सुट्टी. आज निघायचंच नव्हतं. पण काल वह्या आणि लॅपटॉप विभागात ठेवून आले होते आणि खालच्या मजल्यावर पाणी येईल की काय या धास्तीने साडेदहाला बाहेर पडले. नदीकडचे रस्ते टाळले. लॉ कॉलेज रस्ता, सेनापती बापट रस्ता, चतुःशृंगीवरून विद्यापीठ. चढावरून लाल पाणी समोरून येत होतं, चाक अर्धा हात त्यात.

विभाग कोरडा होता. वह्या आजींच्या पद्धतीने बांधल्या, लॅपटॉप त्याच्या पिशवीत, तीन घड्या, बक्कल, टिच्. परतीला सव्वा तास लागला. एका ठिकाणी उतरून सायकल ढकलली, तेव्हा पिशवीचा तळ पाण्यात होता.

घरी आल्यावर आधी हात पुसले, मग उघडलं. बाहेरच्या पिशवीत फोमच्या कडेला चार थेंब, बहुधा बांधताना माझ्याच केसांवरून पडलेले. आतली पिशवी कोरडी. वहीचं पहिलं पान बोटाने दाबून पाहिलं. मग शेवटचं.

एकतानगरीत मैत्रिणीच्या मावशीचं घर आहे. संध्याकाळी फोन लागला, माणसं सुखरूप आहेत, सामान गेलं. उद्या त्यांच्याकडे मदतीला जायचंय.

26 जुलै

पिशवी रिकामी करून मावशींकडे नेली. कपाटातली कागदपत्रं, रेशनकार्ड, मुलाच्या मार्कशीट ओल्या चिखलातून काढून एकेक सुटी केली आणि कोरड्या टॉवेलांत घालून पिशवीतून घरी आणली. आमच्या गच्चीच्या खोलीत दोरीवर वाळत घातली आहेत. लॅमिनेट केलेली सगळ्यात वाईट भिजली, कारण कडेतून शिरलेलं पाणी आतच अडकलं. 8 जूनच्या रेनकव्हरचाच प्रकार.

13 ऑगस्ट

हिशेब: कॅरिअर बसवण्यासकट 530, ताडपत्री 390, जोडाई 150, शिलाई 250, बक्कल-पट्टे-बोल्ट 210, आकड्यांची ॲल्युमिनियमची पट्टी 60. एकूण 1590 रुपये. बोर्ड आणि ट्यूब घरच्या.

मागच्या बाजूला लाल रिफ्लेक्टरची पट्टी हवी आहे. गडद हिरवा रंग घेतला ही माझी चूक. संध्याकाळी पिशवी दिसतच नाही आणि तिने सायकलची रुंदी वाढवली आहे. पुढच्यांनी पिवळा घ्यावा.

दफ्तरात तो रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला जुन्या कागदांचा गठ्ठा, परत मागवला आहे. पेन्सिलीच्या चिठ्ठ्या आता टाकत नाही.

4 सप्टेंबर

रिफ्लेक्टर लावला. पुढच्या आकड्याचा नट पाव फेरा सैल निघाला, आवळला.

आज पान 58 उतरवून झालं. दुसऱ्या वाचनात 47व्या पानावरच्या एका जासुदाच्या मुक्कामाचं नाव मी आधी चुकीचं वाचलं होतं, ते सापडलं. गणपतीच्या मांडवांमुळे लक्ष्मी रस्ता बंद होता, जंगली महाराज रस्त्याने आले. वही टेबलावर ठेवली आहे, पिशवी गॅलरीत उलटी टांगून.